मलमाची फाइल, सिगारेटची फाइल: लंडनच्या एका केअर होममधलं प्रकरण

मार्च २०१६. आग्नेय लंडनच्या न्यू क्रॉस भागातलं मॅन्ली कोर्ट हे केअर होम, म्हणजे देखभालीची गरज असलेल्यांसाठीचं निवासी घर. तिथे राहणारे ६९ वर्षांचे एक गृहस्थ बागेतल्या शेडमध्ये व्हीलचेअरवर बसून सिगारेट ओढत होते. जवळ कुणी नव्हतं. कपड्यांनी पेट घेतला आणि त्यात ते गेले. त्यांच्या अंगाला कातडी मऊ ठेवणारं, पॅराफिन (पेट्रोलियमपासून मिळणारा तेलकट-मेणचट पदार्थ) असलेलं मलम लावलं जात होतं.

तपास लंडन फायर ब्रिगेडने केला आणि खटलाही त्यांनीच भरला. इंग्लंडमध्ये २००५ च्या अग्निसुरक्षा आदेशाप्रमाणे इमारत चालवणाऱ्यावर थेट जबाबदारी येते. इथे ती बूपा केअर होम्स या कंपनीवर आली. कंपनीने गुन्हा कबूल केला आणि सदर्क क्राउन कोर्टाने तिला ९ लाख ३७ हजार ५०० पौंड दंड ठोठावला. खटल्याचा खर्च वेगळा.

दंडाचा आकडा बातमीत गाजला. मला मात्र तपासातला दुसराच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. या गृहस्थांच्या धूम्रपानाच्या धोक्याचं मूल्यमापन झालेलं होतं. कागद होता. पण त्या कागदात मलमाचा विचारच नव्हता, आणि मलम कपड्यात मुरलं की काय होतं हे कर्मचाऱ्यांना कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. सिगारेटची माहिती एका फाइलमध्ये, मलमाची दुसऱ्या फाइलमध्ये, आणि दोन्ही फायली एकत्र उघडायचं काम कुणाचंच नाही. शिकवताना हे प्रकरण मी इतक्या वेळा वापरते ते त्यासाठीच.

वृद्धसेवेचं काम शिकणाऱ्या मुलामुलींसमोर हे मांडलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, पण ओढूच का दिली?"

प्रश्न चुकीचा नाही. दवाखान्यात आपण ओढू देत नाही. पण दवाखान्यातून माणूस आठवड्याभरात घरी जातो. केअर होममध्ये तो राहायला आलेला असतो, तेच त्याचं घर. वयाच्या सत्तरीत, स्वतःच्या पैशाने, डोकं ठिकाणावर असताना तो सिगारेट मागत असेल तर "नाही" म्हणण्याचा अधिकार संस्थेला कुठून मिळतो? इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंदिस्त सार्वजनिक जागा आणि कामाच्या ठिकाणी धूम्रपानबंदी आली, तेव्हाही केअर होमना सवलत ठेवली गेली: रहिवाशांसाठी वेगळी खोली राखून ठेवता येते. बाहेर छप्पर घालून शेड केली तर तिच्या बाजूच्या भिंतींचा निदान अर्धा भाग उघडा हवा, एवढीच अट.

खोलीचा त्रास नको म्हणून पुष्कळ संस्थांनी शेडचा मार्ग धरला. धूर आत येऊ नये म्हणून शेड दारापासून लांब. वारा खेळता राहावा म्हणून उघडी. परिणाम असा की ओढणारा माणूस इमारतीतल्या सगळ्या नजरांपासून दूर जाऊन बसू लागला. इतरांची फुप्फुसं वाचली हे योग्यच झालं. पण ज्याचा हात थरथरतो, ज्याला खुर्चीतून उठता येत नाही, तोच माणूस सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात पोचला. माझ्या मते शेड नेमकी कुठे आहे हा निम्मा प्रश्न आहे. नर्सिंग स्टेशनच्या खिडकीतून दिसत नसेल तर ती शेड चुकीच्या जागी आहे, मग ती कितीही नियमात बसो.

आणि पूर्ण बंदी केली तर? जो ओढायचा तो संडासात ओढतो, पांघरुणाखाली ओढतो, थोटूक गादीखाली सरकवतो. काडेपेटी उशीच्या अभ्र्यात निघते. बंदी असलेल्या ठिकाणी धोका फक्त दिसेनासा होतो. तरीही एका बाबतीत मी बंदीच्याच बाजूची आहे, ते ऑक्सिजनचं. ज्यांना ऑक्सिजन लावलेला आहे त्यांनी ओढायची नाही, त्यांच्या खोलीत दुसऱ्यानेही नाही. "मशीन बंद करून दोन झुरके मारतो" हे चालत नाही, कारण मशीन बंद केलं तरी कपड्यांत, केसांत, पांघरुणात ऑक्सिजन काही वेळ साठून राहतो आणि त्यात ठिणगी पडली तर आग एरवीपेक्षा फार वेगाने पसरते. अमेरिकेत नर्सिंग होमना लागू असलेल्या अग्निनियमांतही ऑक्सिजन असलेल्या जागी धूम्रपान सरसकट बंद आहे. ज्याला भान नाही त्याने कुणाच्या थेट देखरेखीशिवाय ओढायचं नाही, रक्षापात्र न पेटणारं हवं आणि ते रिकामं करायला आपोआप बंद होणाऱ्या झाकणाचा धातूचा डबा हवा, हेही त्याच नियमांत आहे.

आता मलमाकडे येऊ. लोकांची फसगत इथेच होते.

पॅराफिन मलमाची डबी उघडून काडी लावली तर ती सहजासहजी पेटत नाही. अंगावर लावलेल्या मलमानेही एकदम भडका उडत नाही. म्हणून "क्रीमने काय होतंय" असं वाटतं. पण तेच मलम रोज लावल्यावर सदऱ्याच्या बाहीत, पायजम्याच्या मांडीवर, व्हीलचेअरच्या गादीवर, उशीच्या अभ्र्यावर मुरत जातं. कापड एकटं असतं तर निखाऱ्याने भोक पडून थांबण्याचीही शक्यता होती. तेल प्यालेलं कापड समईच्या वातीसारखं वागतं: लवकर धरतं, भराभर चढतं, आणि विझवायला हात पोचेपर्यंत आग छातीपर्यंत आलेली असते. धुण्याने सगळं जात नाही. गरम पाण्यात धुतलं तर थर कमी होतो, पण पूर्ण निघाला अशी खात्री देता येत नाही.

हे ज्ञान २०१६ मध्ये नवीन होतं म्हणावं तर तसंही नाही. २००६ मध्ये इंग्लंडमधल्याच डॉनकास्टरच्या रुग्णालयात सोरायसिस या त्वचारोगाचे एक रुग्ण अंगाला पॅराफिनचं मलम असताना चोरून सिगारेट ओढायला गेले आणि पेटले. त्यांचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २००७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय रुग्ण सुरक्षा संस्थेने पॅराफिनयुक्त मलमं आणि आग याबद्दल देशभर इशारा काढला. मॅन्ली कोर्टची घटना त्यानंतर आठ वर्षांहून अधिक काळाने घडली. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने इशाऱ्याची व्याप्ती वाढवली: पॅराफिन किती टक्के आहे याला अर्थ नाही, पॅराफिन नसलेल्या मलमांनाही धोका आहे असंच धरा. तोवर अशा प्रकारच्या आगींत पन्नासाहून अधिक माणसं गेली होती.

इशारा निघतो, कार्यालयात येतो, नोटीस बोर्डावर लागतो. सकाळी साडेसहाला आजोबांच्या पाठीला मलम चोळणाऱ्या मुलीपर्यंत तो पोचला की नाही, हे कुणी तपासत नाही. तिच्या दृष्टीने मलम म्हणजे कातडी फाटू नये, जखम होऊ नये यासाठीची चांगली गोष्ट. ती मन लावून चोळते, भरपूर लावते. तिचं काम ती उत्तमच करत असते.

आणखी एक फाइल असते, ती कुणी मोजत नाही: धुण्याची. कुणाच्या लुंगीला, सदऱ्याला, शालीला बारीक गोल भोकं पडताहेत, हे सगळ्यांत आधी कपडे धुणाऱ्या मावशींना दिसतं. डॉक्टर महिन्यातून एकदा येतो, मॅनेजर कागद बघतो. मावशी रोज तो सदरा पिळतात. त्यांना कुणी विचारत नाही आणि त्यांनी आपणहून सांगितलं तर "हो हो, आजोबा ओढतातच" म्हणून विषय संपतो. खरं तर एक नवीन भोक म्हणजे त्याच दिवशी पुन्हा मूल्यमापन, असा सरळ नियम हवा.

हे सगळं इंग्लंडचं, आपल्याकडे काय, असं विचारणारे भेटतात. आपल्याकडे प्रश्न दुसऱ्या बाजूने लपतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि धूर न काढता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपले म्हातारे बहुतेक करून चुना-तंबाखूवाले, आज्या मिश्रीवाल्या. वृद्धाश्रमाच्या पन्नास माणसांत ओढणारे एक-दोन. त्यामुळे धूम्रपानाचं धोरणच नसतं. "आमच्याकडे कुणी ओढत नाही" हे वाक्य ट्रस्टी अगदी प्रामाणिकपणे म्हणतात आणि त्याच वेळी मागच्या पाण्याच्या टाकीपाशी एक आजोबा बिडी शिलगावत असतात. दवाखाना आणि कामाची जागा म्हणून आत कायद्याने बंदी आहेच, तेव्हा ते बाहेर जातात, एकटे. आणि अंगाला? खोबरेल, तिळाचं तेल, पेट्रोलियम जेली. करोनानंतर हाताला सॅनिटायझरही. हात वाळायच्या आत काडी ओढली तर अल्कोहोल पेटतं, हे वेगळं सांगायला नको. कापडात मुरलेलं तेल मात्र सांगावं लागतं, कारण अंगाला तेल लावणं म्हणजे आपल्याकडे मायेचं काम.

पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात असेच एक आप्पा होते. अर्धांगवायूनंतर उजवा हात निकामी, डावा बरा. फॉर्मवर रकाना होता: "स्वतः सुरक्षितपणे धूम्रपान करू शकतात: होय / नाही". "होय"वर खूण होती. मी म्हटलं, खूण राहू दे, एकदा बघू.

"आप्पा, जरा मला दाखवा ना, कशी पेटवता."

"त्यात बघायचंय काय? साठ वर्षं ओढतोय मी."

पण दाखवली. काडेपेटी दोन गुडघ्यांत धरली. डाव्या हाताने काडी ओढली, ती मांडीपासून वीतभर अंतरावर पेटली. बिडी ओठात होती, तिथवर काडी नेईपर्यंत ज्योत बोटांशी आली. बिडी सिगारेटसारखी सलग जळत नाही, झुरका थांबला की विझते. मग पुन्हा काडी. एका बिडीला त्यांनी तीनदा काडी ओढली. प्रत्येक वेळी ती गुडघ्यात धरलेली पेटी, प्रत्येक वेळी ती मांडी, आणि मांडीवर सकाळी मालिश केलेलं, तेलाने पिवळट झालेलं धोतर. राख झटकायला हात बाजूला गेला, तर अर्धी राख उजव्या हातावर पडली. त्या हाताला संवेदना नव्हती. ती पडलेली त्यांना कळलीच नाही.

फॉर्म भरणाऱ्याने यातलं काही पाहिलेलं नव्हतं. त्याने आप्पांना विचारलं होतं, आप्पांनी "होय" म्हटलं होतं. धूम्रपानाचं मूल्यमापन ही विचारायची गोष्ट नाही, बघायची आहे: पेटवणं, धरणं, राख झटकणं, मधेच डुलकी लागते का, थोटूक कुठे टाकतात, पेटलं तर स्वतः काय करतील. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. कपडे पेटले तर थांबा, जमिनीवर पडा, लोळा असं आपण शाळेतल्या मुलांना शिकवतो. व्हीलचेअरवर पट्टा लावून बसलेला माणूस लोळणार कसा? त्याला आपली आग स्वतः विझवता येत नाही, हे धरूनच पुढची आखणी करावी लागते. म्हणजे हाताच्या अंतरावर माणूस, पाणी आणि आगीचं ब्लँकेट, आणि ब्लँकेट खुंटीवर उघडं टांगलेलं, कपाटात कुलूपबंद नव्हे.

आप्पांसाठी जे ठरलं ते फार हुशारीचं नव्हतं. काडेपेटी आणि बिड्या सेवकाकडे. बिडी सेवक पेटवून देणार, विझली तर तोच पुन्हा पेटवणार. मालिश दुपारच्या अंघोळीआधी, म्हणजे सकाळचा वेळ त्यातल्या त्यात कोरडा. ओढायला बसताना धुतलेला सुती सदरा, वरून आग न धरणारं एप्रन, नायलॉनची शाल अजिबात नाही, कारण ती वितळून कातडीला चिकटते. थोटकांसाठी वाळू भरलेला पत्र्याचा डबा. जागा टाकीमागून उचलून स्वयंपाकघराबाहेरच्या ओट्यासमोर आणली, गॅस सिलिंडरपासून दूर पण मावशींच्या नजरेसमोर. आणि तेलाच्या तक्त्यावर लाल अक्षरांत एक ओळ: हे ओढतात. बिडीच्या तक्त्यावर दुसरी: यांना तेल लावतात. या दोन ओळींना काही खर्च आला नाही.

आप्पा चिडले. "मला काय कैदी समजता?" म्हणाले. त्यांचं म्हणणं मला पटत होतं आणि काडेपेटी परत द्यायची माझी तयारीही नव्हती. फरक पडला तो पहारा कसा दिला जातो यावर. पहिले काही दिवस एक मुलगा समोर हात बांधून उभा राहायचा, ते आप्पांना सहन होईना. नंतर ज्याची पाळी त्याने खुर्ची ओढून बाजूला बसायचं, पेपर वाचून दाखवायचा, असं ठरलं. इथे एक अडचण आहे जी इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा एका ओळीत उरकतात: बाजूला बसणाऱ्याच्या नाकात धूर जातो. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला रोज चारदा धुरात बसवणं मला मान्य नाही. वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसायचं आणि ज्याला चालत नाही त्याच्यावर पाळी टाकायची नाही, इतपत तोडगा निघाला. पूर्ण उत्तर नाही ते.

सोडण्याबद्दल बोलायचंच नाही का? बोलायचं, पण धमकी म्हणून नाही. ब्रिटनमध्ये काय आणि इथे काय, रहिवाशाला सोडायची इच्छा असेल तर मदत उपलब्ध आहे. आपल्याकडे १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, निकोटिनचं च्युइंगम दुकानात मिळतं. कवळी असलेल्यांना मात्र ते चिकटतं, त्यांना कातडीला चिकटवायचा निकोटिनचा पॅच बरा. आणि एक गोष्ट डॉक्टरांना आधी सांगितलीच पाहिजे. तंबाखूच्या धुरामुळे यकृतातली काही औषधं फोडणारी यंत्रणा जोरात चाललेली असते. बिडी एकदम थांबली की ती मंदावते आणि औषधाचं रक्तातलं प्रमाण चढतं. दम्यासाठी, सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजारासाठी आपल्याकडे अजून थिओफिलिनच्या गोळ्या सर्रास चालतात. तिथे हे घडलं तर मळमळ, धडधड, हात कापणं सुरू होतं आणि घरचे म्हणतात, "बघा, बिडी सोडली म्हणून आजारी पडले." क्लोझापिन, ओलान्झापिन ही मानसिक आजारावरची औषधं घेणाऱ्यांतही तेच. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे पॅच लावल्याने तो टळत नाही. डोस बदलावा लागतो.

हीदेखील तशी फायलींचीच गोष्ट. औषधांचा तक्ता एकीकडे, बिड्यांची संख्या दुसरीकडे.

ब्रिटनमधल्या फायर ब्रिगेड केअर होमना जे सांगतात ते ऐकायला साधं आहे: ओढणाऱ्या प्रत्येकाच्या मूल्यमापनात मलम, ऑक्सिजन, गादीत हवा भरणारी यंत्रणा, हालचालीची मर्यादा हे एकत्र बघा. हवेच्या गादीचा मुद्दा अंथरुणात ओढणाऱ्यांसाठी. गादीला भोक पडलं की पंप हवा पुरवत राहतो आणि आगीला वारा मिळतो. बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, टाळायला आपण हौसेने आणतो तीच ही गादी.

मूल्यमापन एकदा करून चालत नाही, हे कागदावर सगळ्यांना मान्य असतं. केव्हा पुन्हा करायचं ते मात्र कुणी लिहीत नाही. मी लिहायला लावते: पडल्यावर, ताप येऊन गेल्यावर, झोपेचं किंवा मनाचं औषध बदललं की, नवीन मलम सुरू झालं की, ऑक्सिजन आला की, आणि धुण्यात भोक दिसलं की. मावशींचं नाव त्या यादीत सांगणारी म्हणून लिहिलेलं असतं.

आप्पांच्या बाबतीत रात्रीचा प्रश्न राहिला होता. रात्री मजल्यावर एकच सेवक, त्याला अर्धा तास बाहेर काढता येत नाही. रात्री बिडी नाही हे आप्पांनी मान्य केलं नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅचवर तडजोड झाली. रात्रभर ठेवला तर भलतीसलती स्वप्नं पडतात अशी तक्रार, काढला तर पहाटे चारला काडेपेटीची मागणी. शेवटी पॅच झोपताना काढायचा आणि पहाटेच्या पाळीच्या मामांनी चहाच्या आधी दहा मिनिटं आप्पांना द्यायची, असं ठरलं. ती दहा मिनिटं ड्यूटीच्या तक्त्यात छापलेली आहेत, मामांच्या मर्जीवर सोडलेली नाहीत. मामा रजेवर असले की बदली माणसाच्या नावापुढेही तीच दहा मिनिटं येतात.